सातवीतून आठवीत: हायस्कूलची तयारी दिवाळीपासून कशी करावी

गावातली शाळा सातवीपर्यंत आणि हायस्कूल दोन-तीन गावं सोडून पलीकडे, ही कोकणातल्या कितीतरी वाड्यांची स्थिती आहे. शाळा, वाट, शिक्षक, वर्गातली मुलं, सगळंच एका जूनमध्ये बदलतं. तरी घरातली तयारी सुरू होते मे महिन्याच्या शेवटी: नवं दप्तर, रेनकोट, वह्या आणि जमलं तर एक ट्यूशन. मग पहिल्या चाचणीत मूल गडबडतं आणि घरचे म्हणतात, "सातवीपर्यंत बरा होता हो, हायस्कूलला गेला आणि बिघडला."

मी आठवीचा वर्ग घेते. दरवर्षी आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांमधून मुलं येतात. जुलै उजाडेपर्यंत त्यांच्यात जो फरक दिसायला लागतो तो हुशारीचा नसतो. काही मुलांनी सहावी-सातवीत स्वतः वाचलेलं, स्वतः लिहिलेलं, न समजलेलं विचारलेलं असतं. काहींनी फळ्यावरचं नीट उतरवून घेतलेलं असतं, तेवढंच. हा फरक जूनमध्ये भरून निघत नाही. त्याला सातवीचं दुसरं सत्र लागतं. म्हणून पुढच्या पायऱ्या दिवाळीपासून सुरू होतात आणि आठवीच्या गणपतीपर्यंत जातात. त्यांचा क्रम बदलू नका.

पायरी १: दिवाळीच्या सुट्टीत मूल नेमकं कुठे आहे ते बघा

प्रगतिपुस्तकावरच्या श्रेणीवर विसंबू नका. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, लेखी परीक्षा असं सगळं मिळून ती श्रेणी ठरते. मुलाला अपूर्णांकांची बेरीज येते की नाही, हे तिच्यातून कळत नाही. चार गोष्टी घरीच तपासा, एका दिवशी एकच.

वाचन. पाठ्यपुस्तक घेऊ नका, ते पाठ झालेलं असतं. वर्तमानपत्रातली पंधरा-वीस ओळींची बातमी द्या आणि मनातल्या मनात वाचायला सांगा. मग कागद मिटून काय वाचलं ते विचारा. उत्तर मालवणीत आलं, संगमेश्वरीत आलं, काही बिघडत नाही. अर्थ पोचला का, एवढंच बघायचं.

श्रुतलेखन. शेजारच्या मुलाचं आठवीचं विज्ञानाचं किंवा इतिहासाचं पुस्तक आणा. त्यातल्या दहा ओळी वर्गात सांगतात त्या वेगाने एकदाच सांगा आणि मग वही हातात घेऊन नीट बघा. पहिल्या दोन ओळी मोत्यासारख्या अक्षरात असतात. तिसऱ्या ओळीपासून शब्दांची शेपटं तुटायला लागतात, पाचव्या ओळीत "म्हणून" लिहून पुढे मोकळी जागा सुटते, आणि शेवटच्या ओळी नसतातच. अशी वही घेऊन मूल रात्री अभ्यासाला बसलं तर ते काय वाचणार? आठवीत मागे पडणाऱ्या कितीतरी मुलांची अडचण ही असते. विषय अवघड असतो म्हणून नव्हे, तर वहीत विषय आलेलाच नसतो म्हणून ती अडतात.

गणित. एका कागदावर ही पाच उदाहरणं लिहून द्या: २/३ + १/४, −७ + ३, −७ − ३, (−७) × (−३), आणि ३५० चे १२ टक्के. उत्तर चूक की बरोबर यापेक्षा चूक कशी झाली ते बघा. पहिल्याचं उत्तर ३/७ आलं तर वरचे वर, खालचे खाली मिळवले आहेत. म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे, हेच डोक्यात बसलेलं नाही. (बरोबर उत्तर ११/१२.) −७ − ३ चं उत्तर ४ किंवा −४ आलं तर चिन्हांचा गोंधळ आहे.

स्वतःचं उत्तर. एक प्रश्न द्या: "आपल्याकडे एवढा पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी का आटतात?" गाईड नाही, मोबाइल नाही, पाच वाक्यं. जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं, उतार तीव्र असल्यामुळे ते झपाट्याने समुद्राकडे वाहतं, हे मुलाला सुचलं तर उत्तमच. पण इथे तपासायचं आहे ते असं की स्वतःची पाच सलग वाक्यं कागदावर उतरतात का.

*इशारा:* ही तपासणी पाहुण्यांसमोर किंवा भावंडांसमोर करू नका आणि तिला गुण देऊ नका. मुलाला एकदा लाज वाटली की पुढचे सगळे महिने ते चूक लपवायला शिकतं.

पायरी २: दिवाळी ते शिमगा, कच्चं राहिलेलं पक्कं करा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. एका वेळी एकच गोष्ट घ्या, रोज वीस-पंचवीस मिनिटं. रविवारी चार तास बसवून हे होत नाही.

गणितात क्रम असा ठेवा: आधी ऋण संख्यांच्या चारही क्रिया, मग अपूर्णांक, मग शेकडेवारी, आणि त्यानंतरच सातवीतल्या बैजिक राशी. हा क्रम का, ते सांगते. आठवीच्या सध्याच्या पुस्तकातला पहिलाच पाठ परिमेय व अपरिमेय संख्यांचा आहे, म्हणजे ऋण संख्या आणि अपूर्णांक एकत्र. पुढे बैजिक राशींचे अवयव येतात. तिथे मुलाला अशा दोन संख्या शोधायच्या असतात की ज्यांचा गुणाकार −१२ आणि बेरीज १ येईल. ४ आणि −३ या जोडीपर्यंत पोचायला चिन्हांची भीती गेलेली असावी लागते. ती नसेल तर शिक्षक अवयव कितीही छान शिकवोत, मूल दुसऱ्याच ओळीला सुटतं. दोष बीजगणिताला दिला जातो आणि कच्चं असतं सातवीतलं वजाबाकीचं चिन्ह.

श्रुतलेखनासाठी रोज पाच ओळी, एवढंच करा. मात्र एक नियम पाळा: शब्द सुटला तर तिथे रेघ मारून पुढे जायचं, थांबायचं नाही. सुटलेलं नंतर भरायचं. वर्गात हेच करावं लागतं. सुटलेल्या शब्दापाशी अडून बसलेलं मूल पुढची तीन वाक्यं घालवतं.

सातवीच्या गुरुजींना किंवा बाईंना भेटा. दोन शिक्षकी शाळेत एकाच माणसाला तीन-चार वर्ग एकाच वेळी सांभाळावे लागतात, म्हणून "जरा लक्ष द्या हो" असं मोघम सांगून उपयोग नाही. नेमकं सांगा: "याला छेद वेगळे असले की बेरीज जमत नाही, आठवड्यातून दोनदा दोन उदाहरणं तपासून द्याल का?" असं काम शिक्षक आनंदाने करतात.

*इशारा:* याच काळात "आठवीचा अभ्यासक्रम आत्तापासून" अशा शिकवण्या सुरू होतात. सातवीचं कच्चं असताना आठवीचं आधी शिकवून घेणं हा माझ्या मते पैशांचा आणि मुलाच्या उमेदीचा अपव्यय आहे. शिकवणी लावायचीच असेल तर पाचवी ते सातवीचं पक्कं करून देणारी लावा.

*तपासणी:* शिमग्याच्या सुट्टीत पायरी १ मधली चारही कामं नव्या मजकुरावर परत करा. पाचपैकी चार उदाहरणं न अडखळता आली आणि श्रुतलेखनाच्या दहापैकी आठ ओळी पूर्ण आल्या, तर पुढे जा. नाही आल्या तर वार्षिक परीक्षेनंतरचा एप्रिलही यालाच द्या.

पायरी ३: एकाच गुरुजींच्या शाळेतून तासांच्या शाळेत

पटसंख्या सहा असलेल्या वर्गात मुलाला कळलं नाही तर गुरुजींना ते चेहऱ्यावरूनच दिसतं. हायस्कूलला वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात, पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते, शिक्षक बदलतो. तिथे न विचारणाऱ्या मुलाची अडचण कुणाच्याच लक्षात येत नाही. विचारणं ही सवय आहे आणि ती सातवीत लावता येते.

आधी वाक्य तोंडात बसवा. "सर, मला काहीच कळलं नाही" या वाक्याला शिक्षक काय उत्तर देणार? "सर, तिसऱ्या ओळीत उणे कुठून आलं?" याला उत्तर देता येतं. घरी गणित सोडवताना मूल अडलं की त्याला आधी विचारा, "कुठपर्यंत कळलं?" ही जागा दाखवता यायला लागली की निम्मं काम झालं.

दुसरं, अनोळखी माणसाशी बोलायचा सराव. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी जाऊन गाडीची वेळ मुलालाच विचारू द्या. बँकेत पैसे भरायची स्लिप त्यालाच लिहू द्या. तुम्ही दोन पावलं मागे थांबा आणि मध्ये बोलू नका. घरच्या बोलीत बोलणारी कितीतरी मुलं हायस्कूलमध्ये हसू होईल या भीतीने महिनोन्‌महिने गप्प बसतात. त्यांची बोली सोडवू नका. दोन्ही भाषा वापरायची सवय लागू द्या.

तिसरं, वेळापत्रक. सातवीतच आठवड्याचे सातही विषय एका कागदावर लिहून दाराला लावा आणि दप्तर रात्री मुलानेच भरायचं. एखादी वही विसरली तर ती शाळेत पोचवायला धावू नका. हे सातवीत विसरणं स्वस्तात पडतं.

पायरी ४: शाळा आणि माध्यम ठरवा (फेब्रुवारी ते एप्रिल)

दहावीचा निकाल बघून हायस्कूल निवडू नका. कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा एकूण निकालच २०२४ मध्ये ९९.०१ टक्के आणि २०२५ मध्ये ९८.८२ टक्के होता. जिथे जवळपास सगळेच पास होतात तिथे "आमचा निकाल शंभर टक्के" या फलकावरून दोन शाळांतला फरक कळत नाही. त्याऐवजी शाळेत जाऊन हे विचारा: आठवीच्या तुकडीत मुलं किती? गणिताला आणि विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक आहेत का, की पद रिकामं आहे? प्रयोगशाळेत आठवीची मुलं जातात का? शाळा सुटल्यावरची पहिली गाडी कधी आणि ती चुकली तर पुढची कधी? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका, आणि तोंडी उत्तरावर न थांबता जाऊन बघा.

आता सेमी इंग्रजी. अनेक हायस्कूलमध्ये आठवीला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घ्यायचं का, असं विचारतात आणि पालक फॉर्मवर तिथल्या तिथे "हो" लिहून मोकळे होतात. शेजारचा घेतोय म्हणून आपणही, हे कारण पुरेसं नाही. आधी सेमीच्या विज्ञान पुस्तकातलं एक पान मुलाला मोठ्याने वाचायला द्या. अडखळलं तरी चालेल, पण पान संपल्यावर ते कशाबद्दल होतं एवढं मराठीत सांगता आलं पाहिजे. अजिबात सांगता आलं नाही तर थांबा. माझं मत स्पष्ट आहे: ज्या मुलाचं मराठी वाचनच अजून सलग नाही, त्याला सेमीत घातलं तर विज्ञानही जातं आणि इंग्रजीही येत नाही. जे मूल मराठी झरझर वाचतं आणि ज्याला गणितातल्या क्रिया येतात, त्याला सेमी झेपतं. पहिले दोन-तीन महिने जड जातात, एवढंच. सेमी घेणार असाल तर एका छोट्या वहीत जोड्या लिहायला सुरुवात करा: परिमेय म्हणजे रॅशनल, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, बल म्हणजे फोर्स. आठवड्याला दहा शब्द पुरेत.

आठवीला संपूर्ण हिंदी की हिंदी-संस्कृत संयुक्त, हाही पर्याय काही शाळांत असतो. त्यात मुलाचा कल विचारा आणि पुढे जा.

पायरी ५: कागदपत्रं (निकालाच्या आधी)

इथली चूक वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. शाळा सोडल्याचा दाखला जनरल रजिस्टरवरून बनतो. म्हणून दाखला काढण्याआधी मुख्याध्यापकांना विनंती करून रजिस्टरातली नोंद डोळ्यांनी बघा. समोर जन्मदाखला आणि आधार कार्ड ठेवा आणि एकेक रकाना ताडून घ्या: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनावाचं शुद्धलेखन, जन्मतारीख अंकी व अक्षरी, जन्मगाव आणि तालुका, जात आणि पोटजात. एके ठिकाणी पोटजात आहे आणि दुसरीकडे नाही, रजिस्टरात आडनाव गावावरून आणि आधारवर कुळावरून, असे घोळ नेहमीचे आहेत. मूल त्या शाळेत असताना दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवणं तुलनेने सोपं असतं. शाळा सुटली की फेऱ्या वाढतात, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर चूक छापून आली की फारच त्रास होतो.

दाखला हातात पडला की त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा. सातवीचं गुणपत्रकही जपून ठेवा. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला, म्हणजे एनएमएमएसला बसायला सातवीत किमान ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. म्हणजे सातवीची वार्षिक परीक्षा नुसती वर चढण्यापुरती नाही. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून घ्या.

*लक्षात ठेवा:* दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीचा प्रवेश अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे. शाळा सुरू झाली की मुलाला पाठवा, कागद मागून येऊ दे.

पायरी ६: वाट आणि शरीर (मे महिना ते पहिला पाऊस)

मे महिन्यात घरात आंबा-काजूची कामं असतात, चाकरमानी येतात, लग्नं असतात. अभ्यासाचा तगादा लावू नका, रोजचं वीस मिनिटं वाचन तेवढं टिकवा. मुंबईच्या चुलत भावंडांशी इंग्रजीवरून तुलना मात्र कुणालाही करू देऊ नका.

वाट एकदा मुलाबरोबर घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत करा, ज्या गाडीने ते जाणार त्याच गाडीने. सकाळची गाडी गावात वस्तीला असते की तालुक्याहून येते, हे विचारून घ्या. तालुक्याहून येणारी गाडी पावसात हमखास उशिरा येते. वाटेत पऱ्या किंवा व्हाळ, म्हणजे ओढा असेल तर त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल कसा आहे ते बघा आणि नियम आत्ताच ठरवा: साकवावरून पाणी जात असेल तर मागे फिरायचं, शाळा बुडाली तरी चालेल. दरड येणारी जागा, निर्जन पट्टा, नेटवर्क न मिळणारी वळणं मुलाला माहीत असू द्या. गाडी चुकली तर कुणाच्या घरी थांबायचं, ते घर दाखवून ठेवा.

एसटीचा पास पहिल्याच आठवड्यात करा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. मुलांना भाड्याच्या साधारण एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. फॉर्मवर शाळेची सही-शिक्का लागतो.

मुलींच्या आयांनी एक काम जूनच्या आधीच करावं. पाळी आली असो वा नसो, दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक जादा निकर आणि कागदी पिशवी ठेवायची आणि कोणत्या बाईंना सांगायचं ते ठरवून द्यायचं. आठवीच्या पावसाळ्यात मुली अचानक दोन-तीन दिवस घरी बसायला लागतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. त्या बुडलेल्या दिवसांतला धडा नंतर भरून काढायला कुणी बसत नाही.

वह्या-पुस्तकं आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. रेनकोटने दप्तर पूर्ण झाकत नाही.

पायरी ७: जून ते गणपती

पहिल्या पंधरवड्यात अभ्यास विचारू नका. कोणता शिक्षक कोणता विषय घेतो, बाकावर शेजारी कोण बसतं, डबा कुठे खाल्ला, एवढं विचारा. डबा एकट्याने खाल्ला असं सलग काही दिवस कळलं तर वर्गशिक्षकांना सांगा. सातवीपर्यंत सगळा वर्ग वाडीतलाच असतो, त्यामुळे नवी मैत्री करायची वेळ या मुलांवर कधी आलेलीच नसते.

जुलैत भाताच्या लावणीसाठी मूल घरी ठेवायचं असेल तर दोन-तीन दिवसांवर जाऊ देऊ नका, आणि सलग तर मुळीच नको. गणितात सलग चार दिवस बुडाले की पुढचा आठवडाही हातचा जातो. बुडालेल्या दिवसाची वही त्याच संध्याकाळी कुणाकडून घ्यायची, ते नाव आधीच ठरलेलं असू द्या. फोटोवरून उतरवून घेण्यापेक्षा प्रत्यक्ष वही आणणं बरं, कारण तेव्हा मूल मित्राला "हे काय?" असं विचारतं.

आठवड्यातून एकदा वह्या बघा. अक्षर बघू नका, मोकळ्या जागा बघा. एकाच विषयात त्या वाढत असतील तर त्या विषयाच्या शिक्षकांना भेटा, वर्गशिक्षकांना नव्हे.

*इशारा:* "आठवीपर्यंत नापास करत नाहीत" हे आता खरं राहिलेलं नाही. महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा एक संधी मिळते, आणि तिथेही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं.

पहिल्या घटक चाचणीत गुण घसरतील. सातवीत ऐंशी असलेल्या मुलाला पन्नास पडले तर घाबरू नका आणि शिकवणीही बदलू नका. पेपर घरी मागवा आणि प्रत्येक गेलेल्या गुणापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा: येत नव्हतं तर 'न', येत होतं पण वेळ पुरला नाही तर 'व', प्रश्नच कळला नाही तर 'प'. 'न' जास्त असतील तर पायरी २ कडे परत जा. 'व' जास्त असतील तर घड्याळ लावून रोज एक उत्तर लिहून घ्या. 'प' जास्त असतील तर वाचन कमी पडतंय, मग विषय कोणताही असो. गणपतीच्या सुट्टीत आरत्या, भजनं, पाहुणे सांभाळून सकाळचा अर्धा तास या एकाच अक्षराला द्या. सुट्टी संपल्यावर तो पेपर मुलाकडून कोऱ्या कागदावर परत सोडवून घ्या आणि दोन्ही पेपर शेजारी ठेवून कोणतं अक्षर कमी झालं ते त्यालाच मोजू द्या.